ट्रकचा परवाना काढण्यापूर्वी...

वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत 'ड्रायव्हर पाहिजे' ही ओळ नाही, असा दिवस विरळाच. कळंबोलीचा पोलाद बाजार असो, भिवंडीची गोदामे असोत वा नागपूरलगतच्या वाडीतील वाहतूकदारांची कार्यालये असोत, चांगला चालक मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे. देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी अनेकदा सांगितले आहे. बारावीनंतर शिक्षण थांबलेल्या किंवा कंत्राटी नोकरी सुटलेल्या तरुणाला हा आकडा खुणावतो. महिना-दोन महिने शिकावे, अवजड वाहनाचा परवाना काढावा आणि कामाला लागावे, असा विचार त्याच्या मनात येणे साहजिक आहे.

तथापि, याच व्यवसायाविषयीचा दुसरा एक आकडा तितकाच बोलका आहे. रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या 'सेव्ह लाइफ फाउंडेशन' या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशभरातील हजाराहून अधिक ट्रकचालकांशी बोलून त्यांची स्थिती नोंदवली होती. त्यांपैकी ८४ टक्के चालकांनी, आपण आपल्या नातेवाइकांना या व्यवसायात येण्याचा सल्ला देणार नाही, असे सांगितले.

माणसे हवीत म्हणून मालक शोधात आहेत आणि जे काम करीत आहेत ते आपल्या माणसांना दूर ठेवू पाहत आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या तशा का आहेत हे समजले, तर परवाना काढावा की नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

कायद्याच्या अटी

सर्वप्रथम पात्रतेचा विचार करू. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार साधी मोटार चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. अवजड मालवाहू वाहनासाठी ही मर्यादा २० वर्षांची आहे. शिवाय, हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. म्हणजेच, ज्याने अद्याप मोटारीचाही परवाना काढलेला नाही, त्याला ट्रकच्या आसनापर्यंत पोहोचण्यास वर्षाहून अधिक काळ लागणार, हे गृहीत धरले पाहिजे.

पूर्वी अशा चालकाला किमान आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये केंद्र सरकारने रद्द केली. वैद्यकीय तपासणीची अट मात्र कायम आहे. नमुना '१-अ'मधील प्रमाणपत्रावर डॉक्टरची स्वाक्षरी लागते आणि त्यात दृष्टी, श्रवणशक्ती, अपस्मार, रातांधळेपणा अशा बाबी तपासल्या जाणे अपेक्षित आहे. हे प्रमाणपत्र 'मिळवण्या'ची गोष्ट आहे, असा गैरसमज सर्रास आढळतो. वस्तुतः चालकाच्या स्वतःच्या हिताची याहून महत्त्वाची दुसरी पायरी नाही. अवजड वाहतुकीचा मोठा भाग रात्री चालतो. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर शिकवणीची फी भरण्यापूर्वीच ते कळलेले बरे.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि तो मिळाल्यावर तीस दिवस उलटल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलचे 'नमुना ५' प्रमाणपत्र आवश्यक असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. इंधन, वायू, रसायने यांसारखा धोकादायक माल वाहून नेण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण व परवान्यावर तशी नोंद लागते; त्या नोंदीची मुदत तीन वर्षांची आहे.

साडेसात टनांची रेषा

अनेक इच्छुकांना ठाऊक नसलेली एक बाब येथे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मालवाहू वाहनासाठी अवजड परवाना लागतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी 'बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी' या प्रकरणात स्पष्ट केले, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचे वाहतूक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. हे वजन रिकाम्या गाडीचे नव्हे, तर मालासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन होय. २००५ मध्ये बाजारात आलेला आणि 'छोटा हत्ती' या नावाने सर्वपरिचित झालेला टेम्पो, तसेच शहरात घरपोच माल पोहोचवणारी बहुतेक लहान वाहने या मर्यादेत बसतात.

साडेसात टनांच्या पुढे मात्र वाहतूक वाहनाची नोंद अनिवार्य आहे. कायद्यानुसार १२ टनांपर्यंतचे मालवाहू वाहन मध्यम आणि त्याहून जास्त वजनाचे अवजड गणले जाते. योग्य नोंद नसताना वाहन चालवले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मागणी करू शकते. म्हणूनच 'परवान्याचे नंतर बघू, आधी गाडी घेऊन जा' असे सांगणारा मालक चालकाला संधी देत नसतो. तो त्याला आणि स्वतःलाही धोक्यात घालत असतो.

निर्णयाच्या दृष्टीने या रेषेचे महत्त्व असे, की व्यवसायाची चव घेण्यासाठी आधी अवजड परवान्याचा खर्च करण्याची गरज नाही. मोटारीच्या परवान्यावर वर्षभर लहान मालवाहू वाहन चालवता येते. माल चढवणे-उतरवणे, चलन व बिल्टीची कागदपत्रे, प्रवेशबंदीच्या वेळा, ग्राहकाच्या दारातील तासन् तास वाट पाहणे, या साऱ्याचा अनुभव त्या वर्षात येतो. अवजड परवान्यासाठी कायद्याने लागणारे वर्षही त्यातच भरून निघते.

तीस दिवस, पंधरा तास

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहतूक वाहनाच्या चालकाचे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे किमान पंधरा तास अपेक्षित आहेत. जुलै २०२१ पासून 'अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रां'ची नवी व्यवस्था लागू झाली. तिथे मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, एकूण ३८ तासांचा आहे. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयातील वाहन चालवण्याच्या चाचणीतून सूट मिळते.

पंधरा तासांत क्लच, गिअर आणि वळण यांची ओळख होते. भरलेल्या गाडीची ओळख होत नाही. रिकामा ट्रक आणि वीस-पंचवीस टन माल भरलेला तोच ट्रक ही व्यवहारात दोन वेगळी वाहने आहेत: थांबण्याचे अंतर वेगळे, वळणावरचा तोल वेगळा, चढावरची शक्ती वेगळी. हे शिक्षण पूर्वी क्लीनरच्या रूपाने मिळत असे. ताडपत्री बांधणे, चाक बदलणे, मागे घेताना हाक देणे येथपासून सुरुवात करून पोरगा दोन-चार वर्षांत उस्तादाच्या शेजारी बसून गाडी शिके. ती पद्धत शोषणापासून मुक्त नव्हती. पण तिने चालक घडवले. खर्च वाचवण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर ठेवणे बंद केल्यापासून परवाना आणि कौशल्य यांमधील ही पायरीच नाहीशी होत चालली आहे.

त्यामुळे ट्रेनिंग स्कूल निवडताना फी किती, याआधी अन्य प्रश्न विचारले पाहिजेत. संस्थेकडे स्वतःचा ट्रक आहे का? एका गाडीवर एका वेळी किती जण शिकतात, आणि पंधरा तासांपैकी प्रत्येकाच्या हाती स्टिअरिंग किती वेळ येते? भरलेली गाडी, रात्रीचा प्रवास, घाट, अरुंद जागेत मागे घेणे, यांपैकी काय शिकवले जाते? एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानकांची वाहने आली. त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा वाटा मोठा आहे आणि धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वेगळे भरावे लागते. शिकवणीची गाडी पंधरा वर्षे जुनी असेल, तर शिकणाऱ्याला पुढे मिळणाऱ्या गाडीची ओळख होणारच नाही. 'न येता परवाना काढून देतो' असे सांगणाऱ्या संस्थेच्या दारातून परत फिरावे, हे वेगळे सांगायला नको.

घाटातला न्यूट्रल आणि मजुरीचा हिशेब

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका टँकरने चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान केले. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. बोरघाटातही गाडी न्यूट्रल करून उतरवण्याच्या प्रकाराविरुद्ध महामार्ग पोलिसांना वारंवार इशारे द्यावे लागतात.

यामागील यंत्रशास्त्र सोपे आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन उतारावर गाडीला आपोआप रोखून धरते. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबल्याने ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. त्यातच इंजिन बंद केले, तर ब्रेकसाठी हवेचा दाब भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, टाकीतील हवा कमी होत जाते आणि स्टिअरिंग जड होते. म्हणूनच, घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने चालक सांगत आले आहेत.

मग अनुभवी चालकही न्यूट्रल का करतात? याचे उत्तर बऱ्याचदा मजुरीच्या पद्धतीत असते. अनेक ठिकाणी मालक फेरीसाठी ठरावीक डिझेल किंवा ठरावीक रक्कम देतो. त्यातून जे वाचेल ते चालकाचे. मूळ पगार तुटपुंजा असला, की उतारावर वाचलेले काही लिटर डिझेल हीच वरकमाई ठरते. जे डिझेलचे, तेच वेळेचे. मजुरी दिवसावर नव्हे तर फेरीवर असेल, तर जो अधिक जागेल तो अधिक कमावेल. वर उल्लेखिलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवत असल्याचे आणि जवळपास निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवत असल्याचे मान्य केले होते.

कागदावरचा कायदा वेगळे सांगतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची, तर लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहा व आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा विलीन झाला. आठ तासांचे तत्त्व त्या संहितेतही आहे. फेरीवर मजुरी घेणाऱ्या चालकाचे तास मोजणारे मात्र बहुतेक ठिकाणी कोणीच नसते.

सारांश असा, की चालक कसा आहे यावरच तो गाडी कशी चालवतो हे ठरत नाही. त्याला पैसे कशाचे मिळतात यावरही ते ठरते. अवजड परवाना काढावा की नाही, या प्रश्नाचे केंद्र येथे आहे. परवाना आसनापर्यंत नेतो. त्या आसनावर माणूस किती सुरक्षित राहील, हे मालकाशी झालेला व्यवहार ठरवतो.

मिळकत कशी मोजावी

'महिन्याला अमुक हजार मिळतील' या वाक्यावर समाधान मानू नये. मिळकत तासांनी भागून पाहावी. उदाहरणादाखल, महिन्याला २० हजार रुपये मिळतात असे धरू. २६ दिवस, रोज आठ तास काम असेल, तर ताशी सुमारे ९६ रुपये पडतात. तेच काम रोज बारा तासांचे असेल, तर ताशी ६४ रुपयेच होतात. त्यात बंदरात, कारखान्याच्या फाटकावर किंवा शहराबाहेर प्रवेशबंदी उठण्याची वाट पाहत गेलेले तास मिळवले, तर आकडा आणखी खाली येतो. मार्गातील जेवण, आंघोळ आणि दुरुस्तीचा किरकोळ खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हेही आधीच ठरवून घ्यावे लागते.

दंडाचेही तसेच. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास कायद्यात २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. माल किती भरायचा हे चालक ठरवत नाही. नाक्यावर मात्र समोर तोच असतो. अशा दंडाची रक्कम चालकाच्या पगारातून कापली जाणार नाही, एवढे तरी काम स्वीकारताना स्पष्ट झाले पाहिजे.

मालकाकडे दहा किंवा अधिक कामगार असतील, तर राज्य कामगार विमा योजनेचा आणि वीस किंवा अधिक असतील, तर भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येतो. मोठ्या ताफ्याच्या कंपनीत हे लाभ मिळण्याची शक्यता अधिक. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे कमी. लहान मालक घरच्यासारखे वागवतो, हे खरे असू शकते. पण हाड मोडल्यावर सहा महिने घर कसे चालणार, याचे उत्तर वागणुकीत नसते. वर्षाला २० रुपये हप्ता असलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण देते. ती पुरेशी नाही, तरीही प्रत्येक चालकाने घ्यावी अशी आहे.

अपघात घडलाच तर

२०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. अवजड वाहनाच्या चालकाला ही शक्यता गृहीत धरूनच व्यवसायात यावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या उपकलम (२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशव्यापी आंदोलन केले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

जमावाची भीती हा चालकांचा मुख्य मुद्दा होता आणि तो निराधार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ ही भीती ओळखते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाले, तर तेथे थांबण्याची सक्ती नाही. अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत घटना कळवावी लागते. जीव वाचवण्यासाठी दूर जाणे आणि पळून जाणे, यांतील फरक ही खबर देण्यात आहे. प्रत्येक नव्या चालकाला हे पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवे.

सुधारणा आणि वाटा

चित्र सर्वस्वी काळे आहे, असे नाही. १ ऑक्टोबर २०२५ वा त्यानंतर निर्माण होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग प्रवासाचा वेळ वाचवतो. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका मात्र त्याच्यासोबत येतो. वाहने सुधारत आहेत, रस्तेही सुधारत आहेत. जे सर्वांत हळू सुधारत आहे ते कामाचे तास.

अवजड परवान्याचा अर्थ लांब पल्ल्याचा ट्रक एवढाच नाही, हेही लक्षात ठेवावे. एस.टी. महामंडळ, महापालिकांच्या परिवहन सेवा, अग्निशमन दल, दूध संघांचे टँकर, काँक्रीटचे मिक्सर, विमानतळ व कारखान्यांच्या आवारातील वाहने अशा अनेक ठिकाणी हा परवाना उपयोगी पडतो. प्रवासी वाहनासाठी वेगळ्या बॅजची आणि अनुभवाची अट असते. ज्याला रोज रात्री घरी परतायचे आहे, त्याने याच वाटा आधी धुंडाळाव्यात.

निर्णयाचा क्रम

पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी डोळ्यांची व आरोग्याची प्रामाणिक तपासणी. मग मोटारीचा परवाना आणि वर्षभर लहान मालवाहू वाहनाचा अनुभव. त्या वर्षात एखाद्या परिचित चालकासोबत लांबच्या एक-दोन फेऱ्या करून पाहाव्यात; तिसऱ्या रात्री केबिनमध्ये झोप लागते का, हे कोणतीही शिकवणी सांगू शकत नाही. त्यानंतर नोकरीची चौकशी: पगार महिन्याचा की फेरीचा, डिझेल मोजून की ठोक रकमेत, दंड कोणाचा, विमा कोणता, सुट्टी किती. आणि या सर्वांची उत्तरे समाधानकारक वाटल्यावर शेवटी ट्रेनिंग स्कूलची फी.

बहुतेक तरुण हा क्रम उलटा घेतात. आधी कर्ज काढून किंवा घरातील दागिना मोडून परवाना काढतात आणि मग मिळेल त्या मालकाच्या मिळेल त्या अटी स्वीकारतात. फी वसूल करायची घाई असलेला माणूस अटींवर बोलू शकत नाही. चालकांची टंचाई असताना खरे तर अटी मांडण्याची ताकद चालकाच्या हाती असायला हवी. ती येते ती मोडकळीस न आलेल्या खिशातून, खऱ्या कौशल्यातून आणि 'या अटींवर नाही' असे म्हणण्याच्या तयारीतून.

दुकानातले दूध, भाजी, औषध आणि घरपोच आलेले खोके हे सारे कोणीतरी रात्रभर जागून शहरात आणलेले असते. हे काम सन्मानाचे आहे आणि ते करणारी माणसे हवीच आहेत. प्रश्न एवढाच आहे, की ते किती तासांचे आणि कोणत्या मोलाने करायचे. परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वी त्याचे उत्तर शोधले, तर पुढील दहा वर्षांनी तोच चालक आपल्या धाकट्या भावाला या व्यवसायात येण्याचा सल्ला देऊ शकेल.